ईद तिकडे आज, इकडे उद्या

रमजानच्या महिन्यात मूलमधल्या काही घरांत दोन घड्याळे चालतात. एक भिंतीवरचे, आपल्या गावचे. दुसरे घरातल्या बाईच्या डोक्यातले, रियाधचे किंवा दुबईचे. आपल्याकडे पहाटे सहरी आटोपते, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे जेवण होते. मग फजरची नमाज, मग अंगण झाडणे. सकाळचे साडेसहा वाजतात. रियाधमध्ये तेव्हा पहाटेचे चार झालेले असतात आणि उशिरा झोपलेला मुलगा अजून अंथरुणातच असतो. आई मोबाइल उचलते आणि कॉल लावते. "बेटा, उठ जा, सहरी का वक्त जा रहा है." तीन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावरच्या खोलीत हाच गजर वाजतो.

संध्याकाळी हिशेब उलटा होतो. मूलमध्ये मगरिबची अजान झाली, खजूर आणि पाण्याने रोजा सुटला, तेव्हा रियाधमध्ये दुपारचे चारही वाजलेले नसतात. मुलाचा रोजा अजून दोन-सव्वादोन तास बाकी असतो. आपल्याकडे रात्रीची तरावीहची नमाज सुरू होण्याच्या सुमारास तो रोजा सोडतो. त्यामुळे मायलेक एकाच दस्तरखानावर बसले, असे महिनाभरात एकदाही घडत नाही. पडद्यावर एकजण खात असतो आणि दुसरा बघत असतो.

चाँदचेही तसेच. आखातात रमजानचा चाँद बहुधा आपल्याआधी एक दिवस जाहीर होतो, म्हणून ईदही एक दिवस आधी येते. मूलमध्ये आई शेवटचा रोजा धरून असते आणि मोबाइलवर मुलगा नवे कपडे घालून 'ईद मुबारक' म्हणतो. दुसऱ्या दिवशी इकडे शिरखुर्मा होतो, तेव्हा तिकडची ईद शिळी झालेली असते.

एवढे सगळे बोलणे आज जवळपास फुकट होते. पंचवीस वर्षांपूर्वी हे कोणी सांगितले असते तर विश्वास बसला नसता. रमजान हा हिशेबाचाही महिना आहे. बरेच जण याच महिन्यात जकात काढायला बसतात, वर्षभराची जमा आणि शिल्लक मांडतात. तसा या फुकट झालेल्या कॉलचाही हिशेब एकदा मांडायला हवा. त्याने काय दिले, आणि काय अजून आपल्यालाच द्यावे लागते?

पत्र, टेप आणि पी. पी. नंबर

मूल हे तसे आखाताचे गाव नव्हे. आपले गाव धानाचे, राईस मिलचे आणि जंगलाच्या कडेचे. महाराष्ट्रातून आखाताकडे जाणारी मोठी वाट कोकणातून गेली. रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील मुस्लिम कुटुंबांत आधीपासून खलाशांची परंपरा होती. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात रस्ते, बंदरे, शहरे उभी राहू लागली आणि त्या वाटेने हजारो तरुण गेले. आपल्या जिल्ह्यात कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि सिमेंट कारखाने आहेत. इथे वेल्डर, फिटर, क्रेन आणि डोझर चालवणारे तयार होतात. त्यांच्यातलेच काही पुढे आखातात जातात. आज सगळ्या आखाती देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात.

पहिल्या पिढीचा आधार पत्र होते. पत्र पोहोचायला दोन-तीन आठवडे, उत्तर यायला तेवढेच. वाचता न येणाऱ्या आईला ते कोणीतरी वाचून दाखवायचे. कधी शेजारचा शाळकरी मुलगा, कधी खुद्द पोस्टमन. बायकोने नवऱ्याला काय लिहायचे तेही तिसऱ्याच्या हाताने लिहिले जायचे, म्हणून मनातले बरेच मनातच राहायचे. १९८६ साली आलेल्या 'नाम' चित्रपटातले पंकज उधास यांचे पत्रावरचे गाणे आखातातल्या भारतीयांनी आपले मानले ते उगाच नाही.

मग टेपरेकॉर्डर आला. सुटीवर येणाऱ्या माणसाबरोबर कोरी कॅसेट भरून पाठवायची रीत पडली. एका बाजूला नवऱ्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला घरच्यांनी भरलेला जबाब. त्यात लहान मुलांच्या कविता असत, म्हातारीचा खोकला असे, मागे कोंबडा आरवलेला असे. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांना या टेपने पहिल्यांदा स्वतः बोलायला मिळाले.

फोन होता, पण तो मोजक्यांकडे. ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास थांबावे लागे. पुढे एसटीडी, आयएसडी, पीसीओ अशी पिवळी पाटी गावोगावी लागली. काचेच्या खोक्यात उभे राहून बोलायचे आणि डोळे मात्र मीटरच्या लाल आकड्यांवर. परदेशी कॉलचा दर असा होता की 'कसे आहात' आणि 'पैसे मिळाले का' एवढ्यातच एका दिवसाची मजुरी जायची. आखातातला माणूस स्वतः फोन करी तेव्हा तो घरी न येता शेजारी येई. तो पी. पी. नंबर. पत्रिकेवर, अर्जावर, भेटकार्डावर शेजाऱ्याचा नंबर देऊन पुढे 'पी. पी.' लिहायचे. मास्तरांच्या नाहीतर किराणा दुकानदाराच्या घरी फोन खणखणायचा आणि त्यांचे पोर गल्लीतून ओरडत यायचे, "चाची, तुमच्या सौदीवाल्याचा फोन!" हातातले पीठ तसेच घेऊन बाई धावायची. बोलणे दोन मिनिटांचे, पण ते मास्तरांच्या घरातील सगळ्यांनी ऐकलेले असायचे. फोन ठेवल्यावर मास्तरीणबाई विचारायच्या, "येणार आहे का हो ईदला?" सौदीवाल्याची खबर अशी आपोआप गल्लीची व्हायची.

फोन मुका झाला ते दिवस

फोन जवळ असण्याचे मोल कळायला एक घटना पुरे आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले. कुवेतचा बाहेरच्या जगाशी दूरध्वनी संपर्क तुटला. तिथे भारतीय होते पावणेदोन लाखांच्या आसपास आणि त्यांत कोकणातल्या कुटुंबांची माणसेही होती. घरी बसलेल्यांना माणूस जिवंत आहे की नाही, एवढेही कळायला मार्ग नव्हता. लोक रेडिओला कान लावून बसायचे. कुवेतमधले भारतीय बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मान शहरात पोहोचले आणि तिथून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत ४८८ उड्डाणे करून त्यांना मुंबईला आणले. अनेक घरांत पहिली बातमी पोहोचली ती आधी परतलेल्या कोणाच्या तरी तोंडून.

आता दुसरी घटना पाहा. १२ जून २०२४ च्या पहाटे कुवेतच्या मंगफ भागात कामगार राहत असलेल्या इमारतीला आग लागली. ४५ भारतीय गेले. या वेळी बातमी थांबली नाही. सकाळ सरायच्या आत चित्रफिती हजारो मोबाइलवर होत्या. घरच्यांनी कॉल लावले. काहींचे उचलले गेले, काहींचे वाजत राहिले. दोन दिवसांनी, १४ जूनला, हवाई दलाच्या विमानाने पार्थिव कोचीला आणले.

चौतीस वर्षांत आठवड्यांची वाट मिनिटांवर आली. कामगाराची खोली मात्र तितकीच दाटीची राहिली. कॉल लागतो म्हणून माणूस सुरक्षित आहे, असा अर्थ आपण नकळत काढतो. तो अर्थ कॉलमध्ये नसतो.

बंदी आपल्याकडेही होती

इंटरनेटवरून बोलणे स्वस्त का पडते, हे समजायला जुना फोन आठवावा लागेल. जुन्या कॉलमध्ये दोन माणसांमध्ये एक वाट राखून ठेवली जायची. तुम्ही बोला किंवा गप्प बसा, ती वाट तुमचीच आणि भाडे मिनिटावर. वाटेत दोन देशांच्या फोन कंपन्या, दोघींचा वाटा. इंटरनेट कॉलमध्ये आवाजाचे आधी आकडे होतात. त्या आकड्यांचे छोटे छोटे तुकडे पाडले जातात आणि ते इतर लाखो लोकांच्या फोटो, संदेश, चित्रपटांच्या गर्दीतून आपापल्या वाटेने निघतात. पलीकडे ते पुन्हा क्रमाने जोडले जातात. राखीव वाट नाही, म्हणून मिनिटाचे भाडेही नाही.

नेट कमजोर असले की आवाज तुटतो किंवा चेहरा थिजतो, त्याचे कारणही यातच आहे. पत्राचा कागद उशिरा आला तरी चालतो. बोलण्याचा तुकडा उशिरा आला तर तो टाकून द्यावा लागतो, कारण तोवर बोलणे पुढे गेलेले असते. आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला पोहोचायला सेकंदाच्या सुमारे सातव्या हिश्शाहून, म्हणजे १५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ लागला की दोघे एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. मग "हॅलो, हॅलो, तू बोल" यातच अर्धा कॉल जातो. अशा वेळी चित्र बंद करून नुसता आवाज ठेवावा. चित्राला आवाजाच्या कित्येक पट डेटा लागतो. जंगलालगतच्या गावांत हे लोकांना कोणी शिकवावे लागले नाही. कोणत्या बांधावर, कोणत्या मोहाच्या झाडाखाली रेंज येते ते त्यांना पाठ आहे.

आपल्या देशात सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पण त्यावरून फोनसारखे बोलायला मनाई होती. परदेशी कॉलचे उत्पन्न त्याच निगमकडे होते. ही मनाई १ एप्रिल २००२ रोजी उठली. २००३ मध्ये स्काइप आले. मोठ्या शहरांत सायबर कॅफेत कानाला हेडफोन लावून बोलणारे आई-वडील दिसू लागले. खरी क्रांती खेड्यापर्यंत आली ती २०१६ मध्ये. त्या वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले, डेटाचे दर कोसळले आणि नोव्हेंबरमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल आला. ज्या स्काइपने सुरुवात केली ते ५ मे २०२५ रोजी बंदही पडले. बहुतेकांना पत्ता लागला नाही.

हे सारे हवेतून चालते, असा आपला समज असतो. मूलच्या टॉवरपासून पुढे बहुतेक वाट जमिनीखालून आणि समुद्राखालून जाते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन केबल तुटल्या, तेव्हा भारत आणि आखात दोन्हीकडे इंटरनेट लंगडे झाले होते. मायलेकाचे बोलणे समुद्राच्या तळाशी पडलेल्या, हाताच्या मनगटाहूनही बारीक अशा तारेवर टांगलेले असते.

दुबईतले कुलूप आणि परत आलेली टेप

पोरगा दुबईला गेला की पहिल्या आठवड्यात घरी गोंधळ उडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो येतो, संदेश येतो, कॉल मात्र लागत नाही. आई म्हणते, फोन बिघडला. बायकोला वाटते, उचलत नाही. खरे कारण असे की संयुक्त अरब अमिरातीत परवाना नसलेल्या अ‍ॅपवरून थेट बोलण्यावर गेली अनेक वर्षे निर्बंध आहेत. तिथल्या दूरसंचार कंपन्यांनी परवानगी असलेल्या अ‍ॅपसाठी मासिक योजना काढल्या. २०१८ मध्ये बोटिमसारख्या अ‍ॅपवर बोलण्यासाठी महिन्याला ५० दिरहम पडत, तेव्हाचे साडेआठशेच्या वर रुपये. हजार-बाराशे दिरहम पगारावर असलेल्या आणि निम्मा पगार घरी पाठवणाऱ्या मजुराला ही रक्कम लहान नाही. सौदी अरेबियाने सप्टेंबर २०१७ मध्ये, आपल्या अटी पाळणाऱ्या अ‍ॅपवरची बंदी उठवली. कतारमध्येही निर्बंधांचा अनुभव कामगारांना आला.

आपण यावर नाराज होतो. पण २००२ पर्यंत आपल्या देशानेही हेच केले होते, हे विसरू नये. कारणही तेच होते. फोन कंपनीचे उत्पन्न आणि बोलण्यावर सरकारची नजर. फरक एवढाच की तिथे कुलूप ज्याच्यावर बसते तो बहुतेक परका माणूस असतो, ज्याचे घर समुद्रापलीकडे आहे. बोलण्याची गरज त्यालाच सर्वांत जास्त.

कुलूप असले की माणूस खिडकी शोधतो. काहीजण व्हीपीएन नावाची पळवाट वापरतात. अमिरातीत गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी अशी पळवाट वापरल्यास पाच लाख दिरहमपासून पुढे दंडाची तरतूद आहे. कोणते वापरणे गुन्ह्यात मोडते हे आपल्या पोराला तिथल्या पोलिसांशी वाद घालून ठरवता येणार नाही. म्हणून त्या वाटेला न गेलेलेच बरे.

दुसरी खिडकी कायदेशीर आहे आणि मला ती फार आवडते. ती म्हणजे आवाजाचा संदेश. बटण दाबून बोलायचे, सोडले की पाठवला जातो. कामगार रात्री पाळीवरून आल्यावर दोन मिनिटांचा संदेश पाठवतो. आई सकाळी ऐकते, पुन्हा ऐकते, नणंदेला ऐकवते आणि सावकाश जबाब भरते. म्हणजे सत्तर-ऐंशीच्या दशकातली कॅसेटच परत आली. थेट कॉलमध्ये लोक 'और क्या, सब ठीक' म्हणत वेळ काढतात. संदेश भरताना मात्र आधी विचार करतात. लिहिता न येणारी आमची एखादी खाला अशा संदेशात जे बोलून जाते, ते ऐकून मला उर्दूतले जुने खत आठवतात. सुरुवातीला दुआ, मग घरातील एकेकाचा हाल, मग पावसाचा, शेळीचा, भिंतीच्या पडलेल्या पोपड्यांचा, आणि शेवटी पुन्हा दुआ.

कॅमेरा वळेल तेवढेच दिसते

व्हिडिओ कॉलने चेहरा दाखवला. पण चेहरा कोणत्या भिंतीपुढे धरायचा, हे धरणाऱ्याच्या हातात असते. एका खोलीत सहा-आठ जण, पलंगावर पलंग, त्यात एक कोपरा असा असतो जिथली भिंत स्वच्छ आहे. सगळ्यांचे कॉल त्या कोपऱ्यातून होतात. घरी वाटते, पोराची खोली छान आहे. इकडेही तसेच चालते. बापाचा खोकला वाढला असेल तर कॉलच्या वेळी त्याला आत बसवतात. गळणारे छप्पर दाखवत नाहीत. दोन्हीकडून 'खैरियत' म्हटले जाते. उर्दूत खैरियत म्हणजे क्षेमकुशल. आमच्या घरांत तो शब्द प्रश्नही आहे आणि उत्तरही, त्यामुळे विचारणे व सांगणे एका शब्दातच संपते.

एकमेकांना जपण्यासाठी बोललेले हे खोटे समजण्यासारखे आहे. त्याची किंमत मात्र मोठी असते. पगार तीन महिने थकलेला असतो, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना संपत आलेला असतो, छातीत दुखत असते. घरी कळते ते शेवटी. पत्राच्या काळात उशीर टपालामुळे व्हायचा. आता रोज बोलूनही उशीर होतो.

दुसरी गोष्ट घरात राहिलेल्या बाईची. नवरा परदेशी गेला की पूर्वी घराचा कारभार तिच्याकडे येई. मनिऑर्डर तिच्या सहीने सुटे, शाळेची फी तीच भरी, गवंड्याशी भाव तीच करी. वर्षा-दोन वर्षांत ती बाजाराला, बँकेला, डॉक्टरला सरावलेली असे. आता प्रत्येक गोष्ट फोनवर विचारली जाते. टाइल्स कोणत्या, भाजी काय, पोरीला ट्यूशन लावायची का. काही घरांत त्याहून पुढचे चालते. "कुठे आहेस? कॅमेरा फिरव." दिवसातून चार वेळा. ज्या तंत्राने नवरा-बायकोला जवळ आणले तेच तिच्या पायात दोरी बांधते. काळजी आणि पाळत यांत फरक आहे. ज्याच्यावर काळजी केली जाते त्याला विचारले की तो कळतो.

तिसरी गोष्ट मुलांची. सहा महिन्यांचे असताना बाप गेला, दोन वर्षांनी सुटीवर आला. पोराने मोबाइलकडे बोट दाखवून "अब्बा" म्हटले आणि समोरच्या माणसाला पाहून आईच्या पदरामागे लपले. अशी गोष्ट जवळपास प्रत्येक परदेशी माणसाच्या घरात हसत हसत सांगितली जाते. सांगताना बाप हसतो, पण पोराकडे बघत नाही. तरीही व्हिडिओ कॉलने पोराला निदान चेहरा आणि आवाज दिला. जुन्या पिढीत बाप म्हणजे भिंतीवरचा फोटो होता. हिशेबात हे जमेच्या बाजूला लिहायलाच हवे. रोज ठरलेल्या वेळी पाढे म्हणून घेणारा, गोष्ट सांगणारा, कुरआनचा धडा ऐकणारा बाप पडद्यावरूनही बाप राहू शकतो. मात्र त्यासाठी नुसते बोलणे पुरत नाही, रोजचे एक काम सोबत करावे लागते.

आपला परदेश तेलंगणात

हे वाचताना कोणाला वाटेल की हा पाच-दहा घरांचा प्रश्न आहे. तसे नाही. मूल, सिंदेवाही, सावली आणि गडचिरोली भागातून दर वर्षी धान निघाल्यावर हजारो बाया-माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. खम्मम, वारंगलच्या शेतांवर दोन-तीन महिने पाल ठोकून राहतात. भाषा वेगळी, मुकादम वेगळा, घरी म्हातारा-म्हातारी आणि शाळेतली पोरे. त्यांच्यासाठी तोच परदेश. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली ती याच हंगामात. शेतात अडकलेल्यांना घरची आणि घरच्यांना त्यांची खबर मिळत होती ती मोबाइलवरच. त्याच दिवसांत आखातातले कामगार खोल्यांत कोंडले गेले होते. पुढे रमजान लागला, मशिदी बंद होत्या आणि ७ मे २०२० रोजी 'वंदे भारत' मोहिमेची पहिली विमाने अबुधाबी आणि दुबईहून केरळला आली. त्या रमजानात आखातातली आई-मुले आणि तेलंगणातली मजुरांची पोरे एकच वाक्य बोलत होती : बॅटरी संपत आली, ठेवतो.

उद्या ही यादी वाढणार आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, वाहनचालक अशा अनेक कामांचा त्यात समावेश आहे. आपल्या आयटीआयमधली मुले उद्या तिकडे जातील. त्या घरांत मग दिवाळीचे फराळाचे ताट कॅमेऱ्यापुढे धरले जाईल. तिथले घड्याळ आपल्या मागे असते, हिवाळ्यात साडेचार तास. ज्यांच्या घरी हे आधीपासून घडते आहे त्यांचा अनुभव त्यांना उपयोगी पडावा.

जाण्याआधी ठरवायच्या गोष्टी

तिकीट निघाल्यावर घरात बॅग भरण्याची घाई असते. त्याच आठवड्यात काही गोष्टी बसून ठरवाव्यात.

ज्या देशात जायचे तिथे कोणते अ‍ॅप कायदेशीरपणे चालते ते आधीच विचारून, घरच्या फोनमध्ये टाकून, एकदा वापरून पाहावे. मोबाइल मालकाकडे जमा करावा लागणार नाही ना, आणि कामाच्या जागी इंटरनेट मिळेल का, हे करार करतानाच विचारावे. घरकामासाठी जाणाऱ्या बायकांच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. करार, पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रतींचे फोटो घरी ठेवावेत.

एजंट नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३० हजार रुपये आणि त्यावरील जीएसटी याहून जास्त घेता येत नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर आखातासह १८ देशांसाठी परवानगीची अट असते. ती अट म्हणजे अडथळा वाटतो, पण तीच नोंद पुढे अडचणीत कामाला येते. याच नोंदणीबरोबर प्रवासी भारतीय बिमा योजनेचे १० लाखांचे संरक्षण मिळते. पर्यटक व्हिसावर 'तिथे गेल्यावर बघू' म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. अलीकडच्या वर्षांत म्यानमार आणि कंबोडियात मोबाइलवरच्या नोकरीच्या जाहिरातींना भुलून गेलेली भारतीय मुले फसवणुकीच्या अड्ड्यांत कोंडली गेली, ती अशाच वाटेने.

आणि घरातल्या घरात एक शब्द ठरवून ठेवावा. बाजूला कोणी ऐकत असताना, 'मी अडचणीत आहे' हे सांगणारा साधा शब्द. एखाद्या मामाचे नाव, एखाद्या शेताचे नाव. तो ऐकला की घरच्यांनी पुढचे काही न विचारता दूतावासाशी आणि प्रवासी भारतीय सहायता केंद्राशी संपर्क साधायचा. त्या केंद्राचा देशातला निःशुल्क क्रमांक १८००-११-३०९० आहे.

नाते जोडून ठेवणे

इस्लाममध्ये 'सिला-ए-रहमी' हे मोठे कर्तव्य मानले आहे. रक्ताचे नाते जोडून ठेवणे, तुटले असेल तर आपण पुढे होऊन सांधणे, असा त्याचा अर्थ. रमजानात मशिदीतल्या प्रवचनांत याची आठवण हमखास केली जाते. पूर्वी हे कर्तव्य निभवायला वाट चालावी लागे, पैसा लागे, दिवस मोडावा लागे. आता बोट लागते. म्हणून ते सोपे झाले असे आपण धरून चालतो. दिवसाला तीन कॉल होतात, फॉरवर्ड केलेले दुआंचे फोटो जातात, तरी वर्षभरात एक खरा प्रश्न विचारलेला नसतो.

तो प्रश्न दुसरा असतो. पहिला 'खैरियत?' आणि त्याचे उत्तर 'सब खैरियत.' इथे न थांबता दुसरा विचारावा. आज जेवायला काय केले? पाठीचे दुखणे कसे आहे? मागच्या महिन्याचा पगार कोणत्या तारखेला झाला? खोलीत तुझ्या वरच्या पलंगावर कोण असतो, त्याच्या घरचे कसे आहेत? असे विचारल्यावर पलीकडचा माणूस जरा थांबतो. त्या थांबण्यात घाई करू नये. डेटा फुकट आहे, थांबायलाही पैसे पडत नाहीत.

आणखी एक गोष्ट सुचवावीशी वाटते, ती शेजाऱ्यांसाठी. पी. पी. नंबर गेला तेव्हा शेजारपाजाऱ्यांचा त्या कॉलमधला वाटाही गेला. आता सौदीवाल्याची खबर एका मुठीत मावते आणि तिथेच राहते. ईदच्या दिवशी तुम्ही आमच्याकडे शिरखुर्म्याला याल, तेव्हा घरात कुठेतरी कॉल चालू असेल. संकोच करू नका, तो फोन मागून घ्या. ज्या पोराला तुम्ही अंगणात क्रिकेट खेळताना खिडकीची काच फोडली म्हणून रागावला होता, तो पलीकडे असेल. त्याला विचारा, "काय रे, येणार कधी?" घरचे हे विचारायला धजत नाहीत, कारण उत्तर त्यांना ठाऊक असते. शेजाऱ्याने विचारले तर तो हसून म्हणेल, "येतो काका, पुढच्या ईदला." तेवढे ऐकायला आई तिथेच, दाराशी उभी असेल.